मराठीच्या तासाला मराठी कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास असतो, मराठीचे पुस्तक असते, मराठीचा पेपर असतो आणि त्या पेपरात मुलांना बऱ्यापैकी गुणही पडतात. नसते ती फक्त मराठी. हे विधान काही शिक्षकबांधवांना झोंबेल. झोंबलेले बरे. दहा वर्षे मराठी 'विषय' घेऊन पास झालेला आपला मुलगा तहसील कचेरीच्या खिडकीसमोर उभा राहतो आणि "साहब, वो दाखला..." एवढे बोलून अडखळतो, तेव्हा त्या दहा वर्षांचा हिशेब कोणीतरी मागितला पाहिजे.

मराठीचा तास बहुतेक ठिकाणी कसा होतो? शिक्षक धड्यातले एक वाक्य वाचतात आणि त्याचा अर्थ उर्दूत सांगतात. पुढचे वाक्य वाचतात, पुन्हा उर्दूत सांगतात. धडा संपला की कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात, मुले ते वहीत उतरवून घेतात. मग प्रश्नोत्तरे. ती शिक्षक सांगतात किंवा गाईडमधून लिहून घ्यायला लावतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या त्या तासात मुलाच्या तोंडून त्याचे स्वतःचे असे एकही मराठी वाक्य निघत नाही. अपवाद आहेत. जिवापाड मेहनत घेणारे शिक्षक मालेगावातही आहेत आणि भिवंडीतही आहेत. पण अपवादाच्या आडोशाला नियम लपवण्याची आपली जुनी सवय आहे, ती आता सोडावी.

'माझी शाळा' हा निबंध घ्या. "माझी शाळा दुमजली आहे. शाळेसमोर मोठे मैदान आहे. मैदानाभोवती झाडे आहेत." हे लिहिणारे मूल ज्या शाळेत बसलेले असते तिला मैदान नसते, झाड नसते, कधी कधी धड मुतारीही नसते. मूल शाळेत बसून दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेचे वर्णन घोकते. समोर फळा आहे, खडू आहे, तुटकी खिडकी आहे, शेजारी चिमटा काढणारा दोस्त आहे. त्यातल्या कशाबद्दलही मराठीत एक वाक्य बोलावे असे त्याला कोणी सांगत नाही. पाठ शिकवायचा सोडून आपण पाठ करून घेतला आणि शेवटी मुलांनी मराठीकडे पाठ फिरवली.

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे : उर्दू शाळेतली मराठी आधी कानाने आणि जिभेने शिकवली पाहिजे, लेखणीने नंतर. आणि तिचा पहिला विषय शाळा हाच असला पाहिजे. निबंधातली शाळा नव्हे. मूल ज्या शाळेत बसले आहे, ती.

माध्यमाच्या वादात हरवलेला प्रश्न

आपल्याकडे वाद झाला तो माध्यमाचा. मुसलमानाची मातृभाषा उर्दू की मराठी, मुलाला उर्दू शाळेत घालावे की मराठी, यावर गेली पन्नास-साठ वर्षे आपण एकमेकांना शहाणे करत आलो. हमीद दलवाई कोकणातल्या मिरजोळीचे. त्यांच्या भागात मुसलमानाच्या घरात मराठीचीच एक बोली नांदते. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतही तेच. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण छाती पुढे काढून सांगितले की मराठी आमची भाषा आहे. ते खरेच होते. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान मोजले गेले आणि सुमारे ७५ लाख लोकांनी आपली मातृभाषा उर्दू असल्याचे सांगितले. या लाखो घरांतली मुले कुठे जातात, त्यांना मराठी कोण आणि कशी शिकवतो, हा प्रश्न आपल्या संमेलनांच्या मांडवात फारसा शिरलाच नाही. आपण, म्हणजे मराठीतून लिहिणारे. आपल्याला मराठी येत होती, आपले भागले.

उर्दूचे कैवारी दुसऱ्या टोकाला बसले. शाळा उर्दू राहिली पाहिजे यासाठी त्यांनी जिवाचे रान केले, आणि ते योग्यच होते. मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावे, हे १९३७ साली झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या वर्धा योजनेच्या समितीनेही सांगितले होते. पण उर्दू वाचवण्याच्या नादात मराठी ही सरकारने लादलेली एक पट्टी ठरली. पेपर काढायचा आणि मोकळे व्हायचे! एकाने उर्दू शाळेकडे पाहिले नाही, दुसऱ्याने मराठीच्या तासाकडे पाहिले नाही. दोघांच्या मधल्या फटीत मूल पडले.

माध्यम बदला असे मी म्हणत नाही. उर्दू शाळा राहू द्या, ती चांगली चालवा. पण उर्दूतून गणित आणि भूगोल शिकणे वेगळे आणि उर्दूतून मराठी शिकणे वेगळे. पोहायला शिकवायचे तर पाण्यात उतरावे लागते. काठावर बसून उर्दूत पाण्याचे वर्णन केल्याने कोणी पोहत नाही.

शाळा हाच पहिला धडा

आता शाळाच का? कारण शाळेतली मराठी आपल्या मुलाच्या कानाला अर्धीअधिक ओळखीची आहे. शब्द मोजून पाहा. हजेरी, हजर, गैरहजर, दप्तर, दाखला, कागद, शाई, खुर्ची, नकाशा, तक्ता, रजा, अर्ज, शिपाई. हे सगळे मराठी शब्द आहेत आणि हे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आहेत. 'रजेचा अर्ज' या मराठी शब्दप्रयोगात 'चा' प्रत्यय तेवढा देशी! वाक्याची ठेवणही तीच. 'मैंने किताब पढ़ी' आणि 'मी पुस्तक वाचलं', 'मुझे आता है' आणि 'मला येतं' : कर्ता कुठे, क्रियापद कुठे, यात मुलाला नवे काही शिकायचे नाही. इतका तयार पाया हाताशी असताना आपण पहिल्या दिवसापासून मुलाला सांगतो की मराठी अवघड आहे. पाठ्यपुस्तकांची नावे 'सुलभभारती' आणि 'सुगमभारती'. मुलाच्या मनात मात्र ती दुर्गम भारती होऊन बसते.

ओळखीच्या या घरात काही पायऱ्या निसरड्या आहेत, आणि त्या ऐकूनच कळतात. बाई म्हणतात, "खाली बसा." उर्दू कानाला 'ख़ाली' म्हणजे रिकामे. बाई म्हणतात, "दप्तर उघडा." घरी दफ़्तर म्हणजे कचेरी, इथे ते पाठीवरचे ओझे. बाई म्हणतात, "जागेवर जा." त्याच्या भाषेत 'जागा' म्हणजे झोपेतून उठला. आणि 'शिक्षा' हा शब्द दूरदर्शनच्या हिंदीत त्याने तालीम या अर्थाने ऐकलेला असतो. मराठी शाळेत तोच शब्द छडी घेऊन येतो. हे फरक शब्दार्थांच्या यादीत लिहून पाठ करायचे नसतात. बाई "खाली बसा" म्हणतात आणि स्वतः बसतात, मूल बसते, आणि तो शब्द जन्मभरासाठी बसतो. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवण्याची अशीच रीत मांडली : आधी आज्ञा ऐका आणि अंगाने करा, बोलण्याची सक्ती नको, कान भरला की तोंड आपोआप उघडते. पण त्यासाठी अमेरिकेला जायचीही गरज नाही. प्रत्येक आई आपल्या तान्ह्याला याच रीतीने बोलायला शिकवते. वर्षभर ती बोलत राहते, मूल ऐकत राहते. ते बोलत नाही म्हणून कोणी त्याला नापास करत नाही.

महाराष्ट्रात हे कोणी केलेच नाही असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. पुस्तकी मराठी त्या मुलांच्या घरची भाषा नव्हती. सुरुवात झाली ती गाण्यांनी, गोष्टींनी, गप्पांनी, भोवतालच्या वस्तूंनी. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणच्या बोलीचा अभ्यास करतात आणि तिथेच वंचित घरांतल्या मुलांना शिकवायला बसतात. त्या मुलांची बोली अशुद्ध म्हणून हेटाळायची नसते, तिच्यावरून पुढे जायचे असते, हा त्यांच्या कामाचा गाभा. वारली मुलाला जे मिळू शकले, फलटणच्या दलित मुलाला जे मिळू शकले, ते भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला का मिळू नये?

मखरज फक्त अरबीचे?

इथे आपल्या समाजाला एक थेट प्रश्न विचारायचा आहे. मकतबात बसणारे सहा-सात वर्षांचे मूल काय करते? मौलवीसाहेब त्याला मखरज शिकवतात. 'ऐन' आणि मोठी 'हे' हलकातून काढ, 'क़ाफ' जिभेच्या मुळातून काढ, 'स्वाद' जाड म्हण, 'सीन' बारीक म्हण. एक हरफ चुकला की थांबवतात, पुन्हा म्हणून घेतात, पुन्हा चुकला की पुन्हा. महिनोन् महिने हे चालते. तजवीद ही कान आणि जीभ घडवण्याची शिस्त आहे, आणि आपल्या गल्लीगल्लीत ती शतकानुशतके टिकून आहे. जो समाज आपल्या पोरांकडून दूरदेशीच्या ध्वनींवर इतकी मेहनत घेऊ शकतो, त्याला 'ळ' आणि 'ण' अवघड जातात असे म्हणण्याचा अधिकार नाही.

'ळ' आणि 'ण' उर्दूत नाहीत. म्हणून 'शाळा'ची 'शाला' होते, 'पाणी'चे 'पानी' होते. इथवर ठीक, ऐकणारा समजून घेतो. पण 'वेळ' म्हणायच्या जागी 'वेल' आली की मांडवावर चढते. 'गाळ' काढायचा तर 'गाल' पुढे येतो, 'माळ' मागितली तर 'माल' मिळतो, 'मण' धान्याचा हिशेब 'मना'वर जातो. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे, एवढीच करामत आहे. रोज पाच मिनिटे, महिनाभर. 'ऐन'साठी जेवढी सबुरी ठेवली त्याच्या दहाव्या हिश्शाने 'ळ' येतो. पण मराठीच्या तासाला हे कोणी करत नाही. 'ळ' लिहिता आला की शिकवून झाले असे समजतात. लिहिलेल्या 'ळ'ला कोणी हसत नाही. हसतात ते बोललेल्या 'ल'ला, आणि ते हसू आपल्या मुलाच्या वाट्याला चौकाचौकांत येते. हसणाऱ्याचा असभ्यपणा आहेच. पण मुलाच्या तोंडात 'ळ' घालून न पाठवणाऱ्यांची जबाबदारी त्याने संपत नाही.

शिवाय पुस्तकातली मराठी एक आणि कानावर पडणारी दुसरी. पुस्तक लिहिते 'मी सांगितले', 'पुस्तक आणले', 'तो करीत आहे'. लोक बोलतात 'मी सांगितलं', 'पुस्तक आणलं', 'तो करतोय'. ज्याने मराठी फक्त वाचली तो बोलायला लागला की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखे वाटते, आणि समोरचा भरभर बोलू लागला की त्याला अर्धे कळत नाही. वाचून कान तयार होत नाही. शासनाच्या अभ्यासक्रमात भाषेची कौशल्ये नेहमी एकाच क्रमाने लिहिलेली असतात : श्रवण, भाषण, वाचन, लेखन. कागदावर श्रवण पहिले आहे. वर्गात ते चौथेही नाही.

तक्रार, अर्ज, दाखला

शाळेचा धडा बोलका करायचा म्हणजे काय करायचे? महागडी यंत्रे नकोत, प्रयोगशाळा नको. शाळेत दिवसभर जे घडते तेच मराठीच्या तासाला मराठीत घडवायचे. हजेरी मुलाने घ्यावी, नाव पुकारावे, "आज का आला नाहीस?" असे विचारावे, आणि दुसऱ्याने कारण सांगावे. खडू संपला तर शेजारच्या वर्गात जाऊन मागावा : "बाई, एक खडू देता का?" 'दे' आणि 'द्या' यांतला फरक, आईला 'तू' आणि बाईंना 'तुम्ही', हा फरक इथे कळतो. पुस्तकी उर्दूच्या अदबीत वाढलेल्या मुलाला 'आई, तू' हे बेअदबीचे वाटते. मराठीत ते मायेचे आहे, हे त्याला कोणीतरी बोलून दाखवले पाहिजे. शालेय पोषण आहाराच्या रांगेत बोलावे, सकाळचा परिपाठ आठवड्यातून एक दिवस मराठीत व्हावा, खेळाचे नियम एकाने सांगावेत आणि बाकीच्यांनी ऐकून खेळावे.

यापुढचा टप्पा महत्त्वाचा. मधल्या सुट्टीत भांडण झाले. कोणी कोणाला ढकलले, आधी कोण काय म्हणाले, मग काय झाले, कोणी पाहिले? हे सगळे मुलाने मराठीत क्रमाने सांगावे, दुसऱ्याने ऐकून घ्यावे, आणि नंतर दुसऱ्याने "तू असं म्हणालास ना?" म्हणून परत सांगावे. हा खेळ वाटेल. पण घडलेली गोष्ट क्रमाने, न घाबरता, समोरच्याला कळेल अशी सांगणे म्हणजे पोलीस चौकीत फिर्याद देण्याची तयारी आहे. आपल्या वस्त्यांतला माणूस चौकीत गेला की तो हिंदीत सांगतो, हवालदार मराठीत लिहितो, आणि सांगितले काय नि लिहिले काय हे वाचून न पाहताच माणूस सही करतो. त्या सहीची किंमत काय पडते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तसेच शाळा सोडल्याच्या दाखल्याचे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो आयुष्यभर पुरतो. त्यात नाव चुकलेले असते, बापाच्या नावाची दोन शकले झालेली असतात, 'शेख' कुठे पुढे तर कुठे मागे. २०१९ पासून कागदपत्रांची धास्ती घराघरांत शिरली आहे आणि आया दुरुस्तीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. मग सातवीच्या वर्गात एक टेबल मांडावे, एक मूल कारकून व्हावे, दुसऱ्याने म्हणावे, "साहेब, माझ्या दाखल्यावर नाव चुकलंय. जनरल रजिस्टरला बरोबर आहे. दुरुस्त करून हवंय." कारकुनाने म्हणावे, "उद्या या." आणि मुलाने म्हणावे, "उद्या किती वाजता येऊ? कोणाला भेटू?" हा संवाद ज्या मुलीच्या जिभेवर बसला, ती उद्या आपल्या आईला घेऊन कचेरीत जाईल. ज्या मुलीने मैदानाभोवतीच्या झाडांचा निबंध पाठ केला, ती दाराबाहेर उभी राहील.

आक्षेप आणि सबबी

पहिला आक्षेप ठरलेला : बाजारात, रस्त्यावर मराठी आपोआप कानावर पडते, शाळेने कशाला वेळ घालवायचा? कुठला बाजार? मुंब्र्याचा? मालेगावच्या यंत्रमागांच्या मोहल्ल्यातला? दंग्यांनंतर आणि दंग्यांच्या भीतीने ज्या वस्त्या आकसत गेल्या, तिथे दिवसच्या दिवस मराठी कानावर पडत नाही. आणि मुलगे निदान हिंडतात, मुलींचे काय? घर, शाळा, शिकवणी, घर एवढाच ज्यांचा फेरा, त्यांच्या कानावर मराठी पडण्याची एकमेव जागा शाळा आहे. तीही आपण उर्दू अनुवादाने भरून टाकली.

दुसरी सबब : पोर्शन पुरा करायचा असतो. पोर्शन पुरा होतो, मूल अपुरे राहते. तिसरी सबब जरा हळू आवाजात सांगतात : शिक्षकालाच मराठी बोलता येत नाही. ही मात्र सबब नाही, खरी अडचण आहे. तो शिक्षकही याच पद्धतीत शिकला. त्यानेही झाडांचा निबंधच पाठ केला होता. त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्यासाठी प्रशिक्षण हवे, आणि तेही बोलण्याचे. तिथे पुन्हा व्याख्यानाच्या टिपणांचा गठ्ठा हातात ठेवू नये. मुंबई महापालिकेच्या कित्येक इमारतींत मराठी आणि उर्दू शाळा एकाच छपराखाली भरतात. दोन वर्गांत एक जिना असतो. आठवड्यातून एक तास मराठी शाळेच्या बाई वर याव्यात आणि उर्दू शाळेच्या आपा खाली जाव्यात, याला शासन निर्णय लागत नाही. दोन मुख्याध्यापकांची इच्छा लागते.

चौथा सूर नव्या मध्यमवर्गाचा : हे सगळे सोडा, मुलांना इंग्रजी शाळेत घाला. घाला. ज्याला परवडते तो घालतोच आहे. पण महाराष्ट्राच्या १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर इथली कचेरी मराठीत चालते. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, नर्स, एस.टी.चा वाहक, या नोकऱ्यांची वाट मराठीतून जाते. सच्चर समितीने २००६ साली सरकारी नोकऱ्यांतले आपले तोकडे प्रमाण देशासमोर ठेवले, तेव्हा आपण त्या आकड्यांवर परिषदा घेतल्या. बोलीभाषेअभावी मुलाखतीच्या दारात गळणाऱ्या मुलांची मोजदाद कोणत्याच समितीच्या आकड्यांत येत नाही.

परीक्षेचा खेळ

तोंडी परीक्षेची कथा तर ऐकण्यासारखी आहे. दहावीला भाषा विषयांत २० गुण शाळेच्या हातात असत, तोंडी परीक्षेसाठी. पैकीच्या पैकी गुण वाटले जातात अशी ओरड झाली आणि २०१८-१९ साली ते गुण काढून टाकले. निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर घसरला. लगेच गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षापासून गुण परत आले. आता विचार करा. काढले तेव्हा कोणी म्हणाले नाही की मुलांचे बोलणे मारले गेले. परत आणले तेव्हाही कोणी म्हणाले नाही की आता मुले बोलू लागतील. दोन्ही वेळा चर्चा फक्त टक्क्यांची होती. तोंडी परीक्षा म्हणजे निकालाला लावलेली कुबडी. तोंड कोणाच्याच मनात नव्हते. उर्दू शाळाही त्या वाटपात मागे नव्हत्या. मुलाला एक कविता म्हणायला लावायची, ती पाठ असली की वीसपैकी अठरा. कविता पाठ म्हणणे हे भाषण-कौशल्य असेल तर पोपट वक्ता आहे.

हे गुण ठेवा, पण खरे करा. परीक्षक शेजारच्या शाळेचा असावा. मुलाला त्याने धड्याबाहेरचे, पण शाळेतलेच काही विचारावे, आणि मुलाने विचारलेले समजून उत्तर द्यावे. उच्चार चुकला तरी चालेल. समजले का आणि समजावता आले का, एवढे पाहावे.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द

एवढे आपल्या घरचे झाले. मराठीच्या राखणदारांनाही सोडून चालणार नाही. २०२० साली शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. मोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले. २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध आवाज उठला आणि जूनअखेर सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलाच्या डोक्यावर भाषांचे ओझे नको, हा युक्तिवाद आपल्यालाही मान्य आहे. पण त्याच सुमारास मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराला मारहाण झाली, आणि तिचे समर्थन करणारेही निघाले. चपराक ही भाषा शिकवण्याची रीत नव्हे. दंड, दर्जा आणि दमदाटी या तिन्हींतून एकाही मुलाच्या तोंडात 'ळ' आला नाही.

आणि आपला मुलगा मराठी बोललाच तर काय होते? "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" या कौतुकात एक सुई असते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, विसाव्या शतकात बार्शीच्या मातीतला शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडत फिरला, तरी आमच्या मराठीचे अजून आश्चर्यच वाटते! दुसरीकडे कोणी चुकतमाकत बोलला की नाटक-सिनेमातल्या ठरलेल्या 'चाचा'ची नक्कल सुरू होते. मराठी माणसाची मराठी चुकली तर ती त्याची बोली ठरते. आपली चुकली तर ती आपली निष्ठा ठरते. हा दुजाभाव आहे, आणि तो मराठी शाळांच्या वर्गातही आहे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुसलमान मुलाची बोली ऐकून 'शुद्ध बोल' म्हणणाऱ्या गुरुजींनी किती मुलांची तोंडे कायमची बंद केली असतील! ज्यांना मराठी वाढायला हवी आहे, त्यांनी आधी ती चुकीची बोलली गेलेली ऐकून घ्यायला शिकावे. ऐकण्याचे कौशल्य फक्त शिकणाऱ्यालाच लागते असे थोडेच आहे?

आम्ही आणि आपण

शेवटी एका शब्दाविषयी. मराठीत 'हम'साठी दोन शब्द आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. पुस्तकी उर्दूत आणि हिंदीत हा भेद 'हम'मध्ये बुडून जातो. दखनी बोलणाऱ्या आपल्या घरांत मात्र 'अपन चलेंगे' अजून ऐकू येते. निबंध पाठ करणारे मूल 'आमची शाळा', 'आम्ही खेळतो', 'आम्ही शिकतो' एवढेच शिकते, कारण निबंधाला ऐकणारा नसतो. 'आपण' शिकायला समोर माणूस लागतो. "चल, आपण फळा पुसू." "आपण दोघं मिळून बाईंना सांगू." तो शब्द ऐकल्याशिवाय येत नाही आणि बोलल्याशिवाय राहत नाही.

आपल्या समाजाने महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे 'आम्ही' म्हणून काढली आणि महाराष्ट्रानेही आपल्याला पुष्कळदा 'तुम्ही' म्हटले. हे एका व्याकरणाच्या धड्याने मिटेल इतका भाबडा मी नाही. पण मराठीतून लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. आपापल्या गावातली उर्दू शाळा कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आठवड्याला एक तास तिथे जावे, मुलांना मराठीत गोष्ट सांगावी, ती त्यांच्याकडून मराठीत ऐकावी, चुका मोजू नयेत. संमेलनातल्या पन्नास ठरावांहून तो एक तास मोठा आहे. मराठी मुसलमानाची भाषा आहे हे आता परिषदेत सिद्ध करायचे राहिलेले नाही. ते चौथीच्या वर्गात, तुटक्या खिडकीशेजारी बसलेल्या मुलीच्या तोंडून ऐकायचे राहिले आहे.